क्रीमच्या डबीतले पाणी

हर्बल क्रीम घरी करून पाहू इच्छिणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा वनस्पतीचा असतो. हळद घालू की मंजिष्ठा, कोरफड बरी की कडुनिंब, तेल तिळाचे घ्यावे की खोबऱ्याचे? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. आधी विचारायला हवे की या डबीत पाणी असणार आहे का? तेल आणि मेण यांचे मलम ही एक वस्तू, आणि तेल-पाणी एकजीव करून केलेले पांढरे क्रीम ही दुसरी. दोन्हींत एकच वनस्पती घातली तरी त्या वेगळ्या तऱ्हेने बिघडतात, म्हणून टिकवण्याची आणि तपासण्याची रीतही वेगळी लागते. क्रीमची पारख त्यात काय घातले यावरून पुरती होत नाही. उन्हाळा-पावसाळ्यात, रोज बोटे बुडवली जात असताना ते डबीत कसे राहते आणि त्वचेला सोसते का, यावरून ती होते. म्हणून चाचणी हा कृतीचाच भाग धरावा आणि पाण्याचा निर्णय वनस्पतीच्या आधी घ्यावा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

‘नैसर्गिक आहे, त्रास कशाने होणार?’ हा आक्षेप इथेच निकालात काढलेला बरा. विदर्भात तरी तो टिकू नये, कारण बिबा उतला म्हणजे अंगाचे काय होते हे इथे सांगावे लागत नाही. बिब्याचे तेल शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि कातडीवर फोड आणण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. बावचीच्या बियांतील सोरालेनमुळे त्वचा उन्हाला इतकी हळवी होते की लावून बाहेर पडल्यास भाजल्यासारखे चट्टे उठतात. कोडावरच्या उपचारात वैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ या गुणाचा वापर मोजून करतात, घरगुती क्रीममध्ये तो अपघात ठरतो. नागपुरी संत्र्याच्या सालीत लिमोनिन भरपूर असते. ताजे असताना ते फारसे त्रासदायक नाही, पण हवा लागून त्याचे ऑक्सिडीकरण झाले की तयार होणारी द्रव्ये त्वचेच्या ॲलर्जीची ठाऊक असलेली कारणे आहेत. म्हणजे एकाच सालीचे तेल या महिन्यात चालते आणि अर्धी बाटली रिकामी झाल्यावर पुढच्या हंगामात चालत नाही. वनस्पतीचे नाव तेच राहते; बदलते ती डबीतली वस्तू.

तेलांतही असाच भेद आहे. ‘वनस्पतीचे तेल त्वचेला चांगले’ हे विधान सरसकट करता येत नाही, कारण तेलातेलांत फरक पडतो हे प्रयोगांत दिसले आहे. ढाक्यातील रुग्णालयात अकाली जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल लावल्यावर जंतुसंसर्गाचे प्रमाण लक्षणीय घटले, असे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत प्रौढांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावले, तेव्हा त्वचेचा बाहेरचा संरक्षक थर कमकुवत झाला आणि थोडी लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल अधिक, ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल अधिक, आणि त्वचेच्या थरावर या दोन मेदाम्लांचा परिणाम सारखा नसतो. तेव्हा तेल निवडताना त्याच्या कीर्तीपेक्षा त्यातली मेदाम्ले पाहावीत.

विदर्भातली तेले आणि नागपूरची हवा

मेदाम्लांवरून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे तेल किती लवकर खवट होईल. मेदाम्लात दुहेरी बंध जितके जास्त, तितका हवेतला प्राणवायू त्याच्याशी लवकर संयोग पावतो. जवस हे आपले पीक आहे, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर संशोधनही चालत आले आहे. पण जवसाच्या तेलात तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त असते. म्हणून हे तेल हवेत सुकून चिवट पापुद्रा धरते आणि रंग-वॉर्निशात वापरले जाते. जो गुण वॉर्निशला हवा तो क्रीमला नको. जवसाचे तेल खाण्यात ठेवावे, डबीत नको. करडईत लिनोलेइक आम्ल बहुधा तीन-चतुर्थांशाच्या घरात असते. त्वचेसाठी ते चांगले, पण टिकायला बेताचे, तेव्हा ते वापरायचे तर घाणा थोडा काढावा आणि लवकर संपवावा. तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक साधारण सारख्या प्रमाणात असतात, शिवाय सेसमॉलच्या कुळातली द्रव्ये त्याला खवटपणापासून राखतात. आयुर्वेदातील बहुतेक तेले तिळावर बेतलेली आहेत, त्याला हेही एक कारण असावे.

खोबरेल टिकाऊ आहे, पण ते २४-२५ अंशांना वितळते. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे ते दगडासारखे असते आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेल्यावर, पाण्यासारखे. खोबरेलावर बेतलेले मलम जानेवारीत झकास जमले म्हणून एप्रिलमध्ये विकायला काढले, तर डबीत तेल सांडलेले दिसेल. मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे तेल गडचिरोली-चंद्रपूर भागात घरोघरी ओळखीचे; त्यात स्टिअरिक आणि पामिटिक ही संपृक्त मेदाम्ले बरीच असल्याने ते घट्टसर आणि तुलनेने टिकाऊ असते आणि मलमाला अंग देते. लिंबोळी आणि करंज यांचा वास उग्र, त्यांचे प्रमाण थोडेच ठेवावे. लिंबोळी तेल लहान मुलांच्या पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते, म्हणून ती बाटली वर ठेवावी. तेल घाणीचे असो वा रिफाइंड, ते अलीकडे काढलेले, गाळलेले आणि तळाशी ओल नसलेले हवे. लाकडी घाणीचे तेल दोन-चार दिवस निवू द्यावे, वरचे निवळ तेल काढून घ्यावे आणि गाळ टाकावा, कारण त्या गाळातच ओल आणि बियांचे कण असतात. प्रयोगशाळेत तेल तपासून घेता आले तर पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे खवटपणाचे माप, विचारावे: रिफाइंड तेलात ते किलोमागे १० मिलीइक्विव्हॅलंटच्या आत आणि घाणीच्या तेलात १५ च्या आत असावे, असे खाद्यतेलांचा आंतरराष्ट्रीय निकष सांगतो. त्वचेसाठीही ही मर्यादा मानायला हरकत नाही.

पाणी आले की प्रश्न बदलतो

निव्वळ तेलात जंतू वाढत नाहीत, कारण त्यांना लागणारे पाणीच तिथे नसते. तेल खवट होते, त्याचा वास येतो, आपण ते टाकून देतो. बिघाड स्वतःच सांगतो. तेलात कोरफडीचा गर, गुलाबपाणी किंवा काढा मिसळला की गणितच बदलते. कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो, त्यात थोड्या शर्करा. काढ्यात वनस्पतीची विद्राव्य द्रव्ये. एवढ्या पाण्यावर आणि खाद्यावर, तीसेक अंशांच्या खोलीत, जिवाणू आणि बुरशी झपाट्याने वाढतात. साठवणीच्या पाण्यात सहज सापडणारा स्युडोमोनास हा जिवाणू तर अगदी थोड्या खाद्यावरही भागवतो. घातक गोष्ट ही की क्रीम पांढरेशुभ्र, सुवासिक दिसत असतानाही त्याच्या एका ग्रॅममध्ये लाखो जंतू असू शकतात. धडधाकट त्वचेवर कदाचित काही होणार नाही. भेगाळलेल्या टाचेवर, दाढी करताना कापलेल्या गालावर, डोळ्याच्या कडेला किंवा मधुमेही माणसाच्या पायावर तेच क्रीम संसर्ग पोचवू शकते.

इथे दुसरा आक्षेप येतो: आजीच्या काळी कुठे प्रिझर्वेटिव्ह होते? नव्हते, हे खरे. पण त्या काळच्या कृती नीट पाहिल्या तर त्यांनी पाणी डबीबाहेर ठेवलेले दिसते. उटणे कोरडे असते, दूध किंवा पाणी लावण्याच्या वेळी मिसळतात आणि उरलेले फेकून देतात. औषधी तेल करताना शार्ङ्गधरसंहितेच्या परंपरेत कल्क (वाटलेली वनस्पती) एक भाग, स्नेह (तेल) चार भाग आणि द्रव सोळा भाग घेतात. पण हा सगळा द्रव मंदाग्नीवर आटवायचा असतो. तेल सिद्ध झाले हे कसे ओळखायचे? कल्क बोटांत वळला की त्याची वात व्हावी, ती विस्तवावर धरली तर तडतडू नये आणि तेलावर फेस यावा. तडतड होते ती उरलेल्या पाण्याची. म्हणजे पाणी पूर्ण गेले की नाही, याची चाचणी आपल्या परंपरेने कृतीतच बसवली होती. मलमांसाठी सांगितलेले सिक्थ तैल हेही मेण आणि तिळाचे तेल यांचे, एकास पाच-सहा या प्रमाणातले, बिनपाण्याचे मिश्रण. तेव्हा परंपरेचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा: काढा घातलेले पांढरे क्रीम महिनाभर कपाटात ठेवण्याची परंपरा आपल्याकडे नाही.

यावर कुणी म्हणेल, मग फ्रिज आहे की. फ्रिजमध्ये वाढ मंदावते, थांबत नाही, आणि डबी रोज बाहेर येते, रोज बोट बुडते. पाणी असलेले, प्रिझर्वेटिव्ह नसलेले मिश्रण हवेच असेल तर ते ताज्या चटणीसारखे समजावे: थोडे करावे, फ्रिजमध्ये ठेवावे, दोन-तीन दिवसांत संपवावे, कुणाला देऊ नये. व्हिटॅमिन ई घातले की क्रीम टिकते, हा समजही दुरुस्त करायला हवा. व्हिटॅमिन ई तेलाचा खवटपणा लांबवते. जंतूंवर त्याचा इलाज नाही. कडुनिंबाचा अर्क किंवा सुगंधी तेलाचे थेंब जंतू रोखतील ही आशाही अशीच. त्वचेला सोसेल इतक्या प्रमाणात ती पूर्ण संरक्षण देत नाहीत आणि तितके संरक्षण मिळेल इतके प्रमाण त्वचेला सोसत नाही.

दोन कृती, दोन शिस्ती

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा की नवख्याने सुरुवात मलमापासून करावी. वाळवलेली आणि खरोखर कोरडी वनस्पती, उदाहरणार्थ १०० ग्रॅम तिळाच्या तेलात ५ ग्रॅम हळदपूड, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ६०-७० अंशांवर दोन-तीन तास ठेवावी. हळदीचा रंग देणारे कर्क्युमिन तेलात उतरते, पण ते उजेडाने विटते, म्हणून पुढे डबी अपारदर्शक घ्यावी. तेल कापडातून गाळून एक रात्र स्थिर ठेवावे आणि तळाला ओलीचा थेंब दिसल्यास वरचे तेवढेच तेल घ्यावे. मग मधमाशीचे मेण त्याच गरम पाण्याच्या भांड्यावर तेलात वितळवावे. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. एकास सहा हे हिवाळ्याचे प्रमाण नागपूरच्या उन्हाळ्यात एकास पाच, क्वचित एकास चार करावे लागते. थंड बशीवर थेंब टाकून घट्टपणा पाहावा आणि प्रमाण वहीत लिहावे. निवत आल्यावर व्हिटॅमिन ई अर्धा टक्का पुरे. डब्या कोरड्या ठणठणीत हव्यात आणि मलम पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर वाफ झाकणाला धरून थेंब आत पडतात आणि बाहेर ठेवलेले पाणी मागल्या दाराने आत येते.

क्रीमची शिस्त याहून कडक. १०० ग्रॅमच्या घाण्यासाठी पाणी ७०, तेल १८, इमल्सिफाइंग वॅक्स ६, ग्लिसरीन ४, आणि उरलेल्या दोन ग्रॅममध्ये प्रिझर्वेटिव्ह, व्हिटॅमिन ई आणि सामू जुळवण्यासाठी सायट्रिक आम्ल, असा आराखडा चालतो. सगळे चमच्याने न मोजता दशांश ग्रॅमच्या काट्यावर तोलावे, कारण प्रिझर्वेटिव्हमध्ये अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड घ्यावे. भांडी धुऊन, वाळवून, ७० टक्के अल्कोहोलने पुसावीत. लाकडी चमचा टाळावा, त्याच्या रेषांत ओल राहते. तेल आणि वॅक्स एका भांड्यात, पाणी आणि ग्लिसरीन दुसऱ्या भांड्यात, दोन्ही ७०-७५ अंशांपर्यंत तापवून एकत्र घुसळावीत आणि निवेपर्यंत ढवळत राहावे. दोन्हींचे तापमान सारखे नसेल तर वॅक्स मध्येच गोठते आणि क्रीम रवाळ होते किंवा फाटते. प्रिझर्वेटिव्ह आणि व्हिटॅमिन ई साधारण ४० अंशांवर आल्यावर, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच घालावे. काढा किंवा कोरफड घालायची तर पाण्याच्या वाट्यातून तितके पाणी कमी करावे आणि कोरफडीचा पिवळा चीक आधी पूर्ण निथळून टाकावा.

सामू, म्हणजे पीएच, इथे केवळ कागदोपत्री बाब नाही. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही सहज मिळणारी प्रिझर्वेटिव्हे सामू पाचच्या आसपास किंवा खाली असतानाच नीट काम करतात, कारण जंतूच्या आत शिरते ते आम्लाचे न विघटलेले रूप. जुन्या पुस्तकांतील टाकणखार घातलेल्या कोल्ड क्रीमचा सामू अल्कधर्मी असतो. त्यात ही प्रिझर्वेटिव्हे घालणे म्हणजे ती न घालण्यासारखेच. त्वचेचा स्वतःचा सामूही साधारण पाचच्या आसपास असतो, तेव्हा क्रीम ४.८ ते ५.२ मध्ये ठेवल्यास दोन्ही कामे साधतात. सामूच्या पट्ट्या स्वस्त असतात. घाणा झाल्यावर एकदा आणि पुढे दर पंधरवड्याला मोजावे. ‘प्रिझर्वेटिव्ह म्हणजे केमिकल’ हा आक्षेप घेणाऱ्याने दोन पारडी समोर ठेवावीत: एकीकडे अर्ध्या-एक टक्क्याचे, प्रमाण ठरवून दिलेले द्रव्य आणि दुसरीकडे मोजमाप नसलेले जंतू. आणि ते द्रव्य नकोच असेल, तर मलम आहेच.

डबीची परीक्षा

नागपूरची हवा माणसाला त्रासाची असली तरी क्रीम तपासणाऱ्याच्या सोयीची आहे. औषधनिर्मितीत टिकाऊपणाची जलद चाचणी ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेवर सहा महिने करतात. आपल्या माळ्यावर मे महिन्यात ४० अंश आपोआप मिळतात आणि जुलैत दमटपणा. घाण्यातून सारख्या तीन डब्या बाजूला काढाव्यात: एक फ्रिजमध्ये, एक खोलीतल्या कपाटात, एक उबेच्या ठिकाणी. उबेच्या ठिकाणी साधा थर्मामीटर ठेवून तापमान लिहावे. प्रत्येक डबीवर घाण्याचा क्रमांक आणि तारीख लिहून दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि पुढे तीन महिने दर महिन्याला पाहावे: वर तेल सुटले का, तळाला पाणी, रंगात फरक, खवट वास, रवाळपणा, सामूत बदल? फ्रिजमधली डबी ही तुलनेची. ती नसेल तर रंग हळूहळू बदलल्याचे डोळ्यांना कळत नाही. चौथी डबी एक दिवस फ्रिजमध्ये आणि एक दिवस उबेत अशी पाच-सहा फेऱ्या फिरवावी. कमकुवत क्रीम या उलटसुलटीत लवकर फाटते. तीन महिने ठीक राहिले म्हणजे दोन वर्षांची मुदत छापता येते असे नाही. जितके पाहिले तितकेच सांगावे.

पण जंतूंची संख्या डोळ्यांनी मोजता येत नाही, तिथे घरगुती परीक्षा संपते. त्वचेच्या क्रीमसाठीचे भारतीय मानक आयएस ६६०८ सामू ४ ते ९ मध्ये, शिसे धरून जड धातू दशलक्षांत २० भागांच्या आत, आर्सेनिक २ च्या आत आणि जंतू ग्रॅममागे १,००० च्या आत असावेत असे सांगते. ही तपासणी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी, आणि एकदा नव्याने केलेल्या क्रीमची, एकदा महिनाभर वापरात असलेल्या डबीची करावी. दुसरी अधिक बोलकी ठरते. प्रिझर्वेटिव्ह खरोखर काम करते का हे पाहण्यासाठी चॅलेंज टेस्ट असते: क्रीममध्ये ठरावीक जिवाणू आणि बुरशी मुद्दाम सोडून २८ दिवसांत ते किती घटतात हे मोजतात. ही चाचणी घरी करण्याची नव्हे. नागपुरात या कामात मार्ग दाखवणारी माणसे मिळणे अवघड नाही. १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था तेल तंत्रज्ञानासाठी ओळखली जाते आणि नागपूर विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. एका बचत गटाला खर्च जड वाटला तर सहा वेगवेगळी क्रीमे काढण्याऐवजी एकच काढावे आणि ते पुरते तपासावे. वनस्पती बदलली की चाचणी पुन्हा, हे लक्षात घेतले तर प्रकार वाढवण्याचा मोह आपोआप आवरतो.

त्वचेवरची चाचणी शेवटी येते, आधी नव्हे. न तपासलेले क्रीम कुणाच्याही अंगाला लावून पाहू नये. कानामागे थेंब लावून चोवीस तास थांबणे पुरेसे नाही. जळजळ लगेच कळते, पण ॲलर्जीची प्रतिक्रिया उशिरा, बहुधा ४८ ते ९६ तासांत उमटते, आणि काही वेळा सात-आठ दिवसांच्या वापरानंतर. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी जागा धरून सकाळ-संध्याकाळ क्रीम लावावे आणि हे सात ते चौदा दिवस चालू ठेवावे. खाज, पुरळ, लाली आली की थांबावे आणि धुऊन टाकावे. त्रास वाढला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे डबीसह जावे. दुसऱ्या हाताला त्याच तेला-मेणाचे, पण वनस्पती न घातलेले मिश्रण लावल्यास दोष कशाचा हेही कळते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, इसब किंवा जखम असलेली माणसे यांना चाचणीत घेऊ नये आणि घेतलेल्या प्रत्येकाला घटकांची यादी आधी दाखवावी. प्राण्यांवर प्रसाधनांच्या चाचण्या भारतात २०१४ पासून बंद आहेत, त्यामुळे माणसावर काळजीने केलेली चाचणी हाच मार्ग उरतो आणि तिची जबाबदारीही वाढते.

विकायचे असेल तर

घरच्यासाठी केलेली डबी आणि विक्रीला ठेवलेली डबी यांत कायदा फरक करतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार विक्रीसाठी क्रीम बनवायला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची परवानगी लागते. स्वतःची जागा त्या निकषांत बसत नसेल तर परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात माल करून घेण्याची लोन लायसन्सची सोय आहे आणि लहान गटांना ती परवडते. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचे तर परवाना वेगळा. हा भेद किती ताणला जाऊ शकतो हे विकोच्या हळदीच्या क्रीमवरून दिसते. संस्थापक केशव विष्णु पेंढरकर मुंबईला जाण्याआधी नागपुरात किराणा दुकान चालवत. १९५२ मध्ये कंपनी सुरू झाली, १९७५ मध्ये हे क्रीम आले, पुढे नागपुरातही कारखाना झाला. ते प्रसाधन की आयुर्वेदिक औषध यावर उत्पादन शुल्क विभागाशी सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. एवढ्या लढाईची ताकद छोट्या उत्पादकाकडे नसते. त्याने आपली डबी कोणत्या बाजूची हे पहिल्या दिवशी ठरवावे. प्रसाधन म्हणून विकताना कोड किंवा इतर रोग बरा होतो असे लिहू नये. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कोडाच्या इलाजाची जाहिरात मनाईच्या यादीत घातली आहे.

राहिला शेवटचा आक्षेप: एवढ्या चाचण्या कंपन्यांनी कराव्यात, आमची माणसे ओळखीची आहेत, विश्वासावर चालते. विश्वासाचे मोल नाकारायचे नाही, पण तो कशावर ठेवायचा हे पाहावे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. त्या वापरत असलेल्या त्वचेच्या क्रीममध्ये पारा सापडला होता. केरळातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते. २०२० च्या नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधने सोडता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्षांत एका भागाहून जास्त चालत नाही. घरी तिळाच्या तेलाचे मलम करणाऱ्याच्या डबीत पारा येण्याचे कारण नाही, हे खरे. पण या घटना सांगतात की डबीवरचे नाव आणि देणाऱ्याची ओळख तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. बाहेरून आणलेली ‘उजळपणाची’ पूड किंवा पेस्ट घरच्या क्रीममध्ये मिसळली, तर हाच धोका आपणच आत घेतो. सुट्ट्या हळदपुडीत भेसळीचा पिवळा रंग येऊ शकतो, तेव्हा हळकुंड आणून दळून घेतलेले बरे.

तेव्हा सुरुवात करणाऱ्याने पहिले तीन महिने फक्त मलम करावे आणि त्याच्या नोंदी ठेवाव्यात: तेल कोणते, कोणत्या दिवशी काढलेले, मेण किती, कोणत्या तापमानाला कसे राहिले. त्या वहीत दोन ऋतू निघाले की पाण्याच्या क्रीमकडे वळावे, एकच कृती धरून, प्रिझर्वेटिव्ह आणि सामू यांसह, आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत ते घराबाहेर देऊ नये. वनस्पतींची निवड त्यानंतर हवी तितकी रुंदावता येईल. तोवर तेलाचा खवटपणा आणि पाण्यातले जंतू यांच्याशी गाठ घालण्याची सवय झालेली असेल आणि नव्या वनस्पतीकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची हेही कळू लागेल.